छतावरून घरात : जयपूर आणि दूरदर्शनची तार



जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राचा दगडी जिना सुमारे २७ अंशांच्या कोनात चढत जातो. त्या शहराचे अक्षांश तेवढेच आहेत, आणि त्या जिन्याची कड उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. सवाई जयसिंहाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात जे चुन्यात आणि दगडात साधले, तेच आज गच्चीवर पाना घेऊन उभा राहिलेला वायरमन साधत असतो : आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश जमेस धरून आकाशातील एका बिंदूवर नेम धरणे. फरक एवढाच, की जयसिंहाचे काम सावली पडताच पुरे होई. वायरमनला मात्र तेथून पुढे वीस-पंचवीस मीटर तार ओढावी लागते. या व्याख्यानाचा विषय मुख्यतः ती तार हाच आहे. उपग्रहांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. गच्चीपासून बैठकीच्या खोलीपर्यंतच्या अंतराकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि चित्र बहुधा तेथेच बिघडते.

जयपूरच्या परिसराने उपग्रहाचे चित्र फार लवकर पाहिले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा जो प्रयोग झाला, त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे निवडली होती. राजस्थानातील गावांचा समूह जयपूरभोवतीचा होता. या प्रयोगाचा करार विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेशी झाला. प्रत्यक्ष प्रयोग पाहण्यास साराभाई उरले नाहीत. १९७१ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. कार्यक्रमाची धुरा ज्यांनी वाहिली, ते एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ठाऊक असावयास हवी.

या प्रयोगामागची कल्पना साधी आणि धाडसी होती. तोवर उपग्रहाचा संकेत इतका क्षीण असे, की तो झेलण्यास प्रचंड भूस्थानके लागत. येथे उलट केले गेले. ‘एटीएस-६’ या उपग्रहावर सुमारे नऊ मीटर व्यासाची, अवकाशात उलगडणारी छत्री बसविली आणि ८६० मेगाहर्ट्‌झवर जोरकस संकेत खाली सोडला. ओझे आकाशात उचलले गेले, म्हणून जमिनीवरचे उपकरण हलके आणि स्वस्त करता आले. गावात कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची तबकडी, संकेताचे रूपांतर करणारी एक पेटी आणि एक मोठा संच, एवढ्यावर भागले. सकाळी शाळेतील मुलांसाठी दीड तास, सायंकाळी सर्वांसाठी अडीच तास. राजस्थानच्या वाट्यास हिंदी कार्यक्रम आले.

उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या माथ्यावर होता. जयपूरकडील तबकड्या म्हणून नैर्ऋत्येकडे, क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर रोखाव्या लागत. तबकडी अंगणात आणि संच लगतच्या शाळेत वा पंचायतीच्या खोलीत, असा बहुधा प्रकार असल्याने तार फारशी लांब नसे. आज घरोघर जो प्रश्न पडतो तो त्या वेळी पडला नाही, याचे श्रेय थोडेफार या जवळिकीला दिले पाहिजे.

वर्ष संपले, आणि करारानुसार उपग्रह पश्चिमेकडे परत नेला गेला. गावांतील तबकड्या जागच्या जागी राहिल्या. त्यांत पडणारे काही उरले नाही. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, जयपूरला भूतलावरचा प्रक्षेपक सुरू झाला आणि काही गावांना चित्र परत मिळाले. परंतु प्रक्षेपकाची पोच मर्यादित असते. एटीएस-६ ला जयपूरच्या वेशीजवळचे गाव आणि शंभर कोसांवरचे गाव सारखेच होते. प्रक्षेपकाला ते तसे नव्हते. जी गावे त्याच्या परिघाबाहेर पडली, त्यांनी एक वर्ष चित्र पाहिले आणि मग ते गमावले. प्रयोग यशस्वी झाल्याचा निर्वाळा सर्वांनी दिला. या गावांचा उल्लेख त्यात अधिक ठळकपणे यावयास हवा होता.

प्रक्षेपकाबरोबर जयपूरच्या गच्च्यांवर दुसराच सांगाडा उभा राहिला. नळीच्या आडव्या दांड्यांचा हा अँटेना आकाशाकडे नव्हे, तर प्रक्षेपकाच्या मनोऱ्याकडे तोंड करून असे. त्यापासून निघणारी तार पुष्कळदा चपटी, दुपदरी असे. ती स्वस्त होती आणि कोरड्या हवेत चांगले काम देई. परंतु भिंतीला किंवा लोखंडी गजाला चिकटून गेली की संकेत वाया जाई आणि शेजारच्या मोटारीचा स्पार्क पडद्यावर उमटे. जाणकार लोक म्हणून गोल केबल घेत. हिच्या मध्यभागी तांब्याचा गाभा, त्याभोवती प्लास्टिकचा थर, त्यावर धातूची जाळी आणि सर्वांत बाहेर काळे वेष्टण असते. बाहेरची जाळी आतल्या संकेताला कवचासारखी जपते. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा मात्र दोन्ही तारांना सारखाच गुंडाळला जाई.

१९८३ मध्ये इन्सॅट-१ बी आला. तो ७४ अंशांवर, म्हणजे जयपूरहून जवळजवळ थेट दक्षिणेस. त्यानंतर परदेशी वाहिन्यांच्या मोठ्या तबकड्या आल्या, मोहल्ल्यामोहल्ल्यातून केबलवाल्यांच्या तारा खांबांवरून लोंबू लागल्या, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने आपली विनाशुल्क थेट सेवा सुरू केली. हिचा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे. जयपूरहून तबकडी आग्नेयेकडे, सुमारे ५३ अंश वर रोखली म्हणजे तो सापडतो. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूतल-प्रक्षेपण २०२२ पर्यंत थोडी सीमावर्ती ठिकाणे वगळता बंद करण्यात आले. गच्चीवरचे नळीचे सांगाडे उरले आहेत ते बहुधा कावळ्यांसाठी.

आता तारेचा हिशेब. उपग्रहाकडून येणारी आजची लहर दहा-बारा अब्ज कंपनांची असते. इतकी चपळ लहर साध्या केबलमधून काही मीटरही धड जात नाही. म्हणून तबकडीच्या तोंडाशी जो ठोकळा बसवितात तो तिला झेलून, वाढवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात उतरवितो. ही उतरविलेली लहरसुद्धा भूतलावरच्या जुन्या लहरींहून किती तरी चपळ असते, आणि कंपने जितकी अधिक तितकी केबलमधील गळती अधिक. चांगल्या प्रतीच्या केबलचा वीस मीटरांचा तुकडा घेतला, तर २०० मेगाहर्ट्‌झचा संकेत दुसऱ्या टोकाशी दोनतृतीयांशाच्या आसपास पोचतो. २१५० मेगाहर्ट्‌झचा जेमतेम चतुर्थांश. नळीच्या अँटेनाची जुनी केबल तशीच तबकडीस जोडून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती बहुधा पातळ जाळीची, उन्हाने तडकलेली असते, आणि वरच्या वाहिन्या तेवढ्या गायब होतात. जुन्या पद्धतीत क्षीण संकेत म्हणजे पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडे, पण माणूस ओळखू येई. आजच्या अंकीय पद्धतीत चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते आणि त्या मर्यादेखाली एकदम नाहीसे होते. त्यामुळे दोष हळूहळू वाढत आहे हे घरच्यांना कळतच नाही.

याच केबलवरून उलट दिशेने वीजही जाते. संचाजवळची पेटी वरच्या ठोकळ्याला १३ किंवा १८ व्होल्ट पुरविते, आणि त्या दोन दाबांवरून ठोकळा आडव्या किंवा उभ्या ध्रुवणाची लहर निवडतो. एका घरातल्या भावांच्या दोन संचांसाठी एकच केबल फोडून देणे म्हणूनच फसते. एका खोलीतून १३ व्होल्ट मागितले जातात, दुसरीतून १८. ज्याचा दाब अधिक त्याचे चालते, दुसऱ्याचा पडदा काळा पडतो आणि भांडण वाहिन्यांवरून आहे असे सर्वांना वाटते. प्रत्येक पेटीला दोन वा चार तोंडांच्या ठोकळ्यापासून स्वतंत्र केबल नेणे हा सरळ उपाय होय. भूतलावरचा संकेत जेथे मिळतो तेथे तो मात्र त्याच केबलमधून आणता येतो, कारण त्याचा पट्टा ९५० च्या खाली आहे. वर एक मिसळणारी आणि खाली एक वेगळे करणारी लहानशी डबी पुरते.

परकोट्यातील हवेलीत पाच-सहा बिऱ्हाडे असली, की प्रत्येकाची छतरी निराळी आणि प्रत्येकाची केबल छज्ज्यावरून, जाळीदार झरोक्यातून, जुन्या चुन्यात खिळे ठोकून आत शिरलेली दिसते. यातील बहुतेक खर्च टाळता येण्याजोगा आहे. एकच तबकडी, चार निरनिराळ्या तारांतून दोन्ही ध्रुवणांचे चारही पट्टे खाली आणणारा ठोकळा, जिन्याच्या माथ्यावर एक वाटप-पेटी आणि तेथून प्रत्येक बिऱ्हाडास एक केबल, एवढी मांडणी पुरेशी होते. ती वाटप-पेटी ज्याच्या खोलीस लागून असेल त्याच्या मीटरवर विजेचे बिल पडते, आणि व्यवहारात अडते ते येथे. तेव्हा तिचा जोड जिन्यातल्या सामाईक दिव्याच्या मीटरवर देणे बरे. जिन्याच्या कोपऱ्यातून उतरणारी नळी रुंद असावी, कारण केबल काटकोनात वाकविली की तिचा गाभा मध्यातून सरकतो. तबकडीचा खांब आणि केबलची जाळी घरात शिरण्यापूर्वीच भूसंपर्कित करावी. जयपूरला वैशाख-ज्येष्ठात धुळीच्या वादळामागोमाग विजा येतात. आणि भिंतीतून केबल आत घेण्याआधी तिला खाली एक झोल ठेवावा, म्हणजे श्रावणातले पाणी त्या झोलाच्या तळाशी गळून जाते, संचाच्या पाठीशी पोचत नाही.