घरातल्या कामगाराला ‘बदली’ द्या
(वसंत व्याख्यानमाला, सोलापूर : व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेत विषय ‘ज्येष्ठांचे प्रश्न’ असा छापलाय. मी बोलणार आहे ज्येष्ठांच्या उशाशी बसलेल्या माणसाबद्दल. त्याला हक्काची रजा मिळाली पाहिजे, आणि त्या रजेत त्याच्या जागी बदली माणूस आला पाहिजे.

रविवारची सुट्टी कुणी आणली, हे गिरणीच्या गावाला सांगायला नको. नारायण मेघाजी लोखंडे, साल १८९०. पण गिरणी रविवारी बंद ठेवता येते, अंथरुणावरचं माणूस बंद ठेवता येत नाही. ‘बदली’ कामगार म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. तोच बदली मला घरात हवाय.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या एका बाईंचं सांगतो. नवरा यंत्रमागावर होता, लकव्यानं पडला. बाई विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू. दर दोन तासांनी सूप खाली ठेवायचं, नवऱ्याला कुशीवर करायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मग हात धुवायचे, पुन्हा सूप. रात्रीही तेच. विड्यांची हजारी भरली नाही तर मजुरी तेवढी कमी. मी विचारलं, “एक दिवस सुट्टी मिळाली तर?” म्हणाल्या, “झोपते की.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “गड्डा बघून येते. नंदीध्वज बघून लई वर्षं झाली.” गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा त्यांच्यापासून किती लांब आहे, सांगा!

आता बघा. १९६६च्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. तिनं सूप खाली ठेवून नवऱ्याला उचललं, की त्या कामाला कायद्यात नावच नाही.

(श्रोत्यांतून : “आमच्याकडं सुना करतात की!” हशा.)

करतात, म्हणून तर बोलतोय. त्या सुना आज या सभागृहात किती आहेत, मागे वळून बघा. (शांतता.) तुमच्या घरावर मी आरोप करत नाही, काका. सरकारचीच २०१९ची पाहणी आहे : घरच्यांची देखभाल करणाऱ्यांत बाईची दिवसाला १३४ मिनिटं जातात, पुरुषाची ७६. स्वयंपाक-धुणीभांडी त्यात धरलेली नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली : पाच मिनिटं उरलीत. मग कायदे भराभर सांगतो. २००७च्या कायद्यात म्हाताऱ्या आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. जो टाकत नाही, त्याच्यासाठी एका दिवसाची उसंतही नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत काही काळ सांभाळण्याची सोय आहे, पण ती ठरावीक अपंगत्वांपुरती. लकव्याचा म्हातारा त्यात बसत नाही. स्कॉटलंडनं २०२५ साली कायदा केला : बिनपगारी सेवा करणाऱ्याला पुरेशी विश्रांती मिळवून देणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी. आपल्याकडे ती महापालिकेनं घ्यावी.

पैसा कुठून आणायचा? विडीवर उपकर बसवून १९७६च्या कायद्यानं विडी कामगारांचा कल्याण निधी उभा राहिला होता. या गावाला हे नवं नाही. तसाच निधी यासाठी उभारा आणि एका प्रभागात सुरुवात करा. शिकवलेल्या, पगारी बदली बाया-बाप्ये नेमा. आठवड्याचा एक दिवस त्यांनी घरी यावं.

थांबतो, अध्यक्ष महोदय. दाराशी निवेदन ठेवलंय. सही करताना तुमच्या घरात कोण कुणाला सांभाळतं, तेही लिहा. आयुक्तांकडे जाताना प्रभागवार यादी हातात लागेल.