आधी चर, मग इमारत



आज बोलायचं आहे ते संशोधन संस्थेच्या आवारातल्या जमिनीखालच्या पसाऱ्याबद्दल. पिण्याचं पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी, वीज, वातानुकूलनाचं थंड पाणी, फायर लाईन, फायबर, वायूंच्या नळ्या. ऐकणाऱ्यांमध्ये बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर, बडोदा अशा ठिकाणच्या संस्थांत काम करणारे बरेच जण असतील. काही प्रयोगशाळेत, काही इस्टेट ऑफिसात. दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं, आणि अर्धी अडचण तिथेच असते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जमिनीखालची जागाही जागाच आहे, आणि इमारतींच्या जागा ठरवण्याआधी ती वाटून टाकली पाहिजे. आपल्याकडे होतं असं, की मास्टर प्लॅनवर इमारती, रस्ते, झाडं, तळं सगळं छान बसतं आणि मग सर्व्हिसेसच्या माणसाला बोलावून सांगतात, आता यात तुमचं काय ते बसवा. तो बिचारा बसवतोही. त्याची किंमत पुढची चाळीस वर्षं दुसरेच लोक मोजतात.

सुरुवात सांडपाण्यापासून करू, कारण ही लाईन कोणाचं ऐकत नाही. केबल वळते, पाणी पंपानं चढतं, फायबर तर कुठूनही जातं. सांडपाणी मात्र उतारानंच जाणार. त्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की मळ तळाशी बसायला लागतो. म्हणून दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या पाइपला साधारण दीडशेला एक असा उतार धरा. आता हिशेब करा. शेवटची इमारत शुद्धीकरण केंद्रापासून ९०० मीटरवर आहे, जमीन सपाट आहे आणि पाइप इमारतीपाशी एक मीटर खोल निघालाय. केंद्रापाशी तो सात मीटर खोल पोचतो. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी मुरूम संपून काळा दगड लागतो. सात मीटर दगड फोडायचा म्हणजे खर्च आहेच, पण शेजारी प्रयोगशाळा सुरू झालेली असेल तर सुरुंग लावता येत नाही आणि ब्रेकरही दिवसभर चालवता येत नाही. मग मध्येच पंपिंग स्टेशन घालायचं, त्याला जनरेटर द्यायचा, माणूस ठेवायचा. हे सगळं कशामुळे, तर शुद्धीकरण केंद्राला उरलेली जागा मिळाली म्हणून.

तेव्हा कंटूरचा नकाशा पहिल्या बैठकीत टेबलावर हवा. आवाराचा सगळ्यात खालचा कोपरा सांडपाण्याचा. तो मिळवण्यासाठी भांडायची तयारी ठेवा, कारण नेमक्या त्याच कोपऱ्यात कोणाला तरी गेस्ट हाउस हवं असतं. तिथून तळं दिसतं ना.

पुढचा क्रम याच न्यायानं लागतो. जी लाईन वळत नाही तिला आधी जागा. सांडपाण्यानंतर पावसाच्या पाण्याची गटारं, मग थंड पाण्याचे जाड, इन्सुलेशन असलेले पाइप, मग पिण्याचं पाणी आणि फायर लाईन, मग विजेच्या केबल आणि शेवटी फायबर. पिण्याच्या पाण्याचा पाइप सांडपाण्यापासून आडवा तीन मीटर दूर असावा, आणि जिथे दोघं एकमेकांना ओलांडतात तिथे पिण्याचं पाणी वरून जावं, मध्ये किमान अर्धा मीटर अंतर ठेवून. केबलसाठी भारतीय मानक १२५५ मध्ये खोली दिलेली आहे. एलटी केबल ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंतची ०.९ मीटर, ३३ केव्हीची १.०५ मीटर. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा. हे अंतर कागदावर मांडून पाहिलंत तर रस्त्याचं डांबर सोडून दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा मीटरचा पट्टा सहज लागतो. या पट्ट्यात गुलमोहर लावायचा नाही, सायकल स्टँड बांधायचा नाही, एटीएमची खोलीही नाही. बागेच्या विभागाला हे लेखी कळवायला हवं. तोंडी सांगितलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

केबलच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार राहून जाते. केबल तापते, आणि ती उष्णता मातीनंच बाहेर न्यायची असते. कोरडी माती हे काम वाईट करते. एका चरात आठ केबल चिकटून टाकल्या तर प्रत्येकीची वहनक्षमता कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा बरीच कमी होते, डक्टमध्ये टाकल्या तर आणखी कमी. त्यांच्याशेजारून सात अंशांचं थंड पाणी नेलं की दोघांचंही नुकसान. जागा वाचवली असं वाटतं, आणि विजेच्या बिलात ती परत द्यावी लागते.

इथपर्यंतचं बोलणं कुठल्याही टाउनशिपला लागू पडेल. संशोधन संस्थेत वेगळं काय? तिथे या लाईन नुसत्या सोयी नसतात, त्या प्रयोगाचा भाग होऊन बसतात.

याचं मला आवडणारं उदाहरण कावळ्यांचं आहे. अमेरिकेत हॅनफर्डला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत अणुकेंद्रकाहूनही लहान हालचाल मोजायची. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे विचित्र टकटक नोंदली जाऊ लागली. शोध घेतल्यावर सापडलं ते असं. नायट्रोजनच्या एका पाइपवर बर्फ साचत होतं आणि तहानलेले डोमकावळे येऊन त्यावर चोची मारत होते. उपाय काय, तर पाइपला नीट इन्सुलेशन. म्हणजे ज्याला आपण ‘युटिलिटी’ म्हणून कंत्राटदाराच्या हवाली करतो, त्या पाइपचा आवाज थेट मोजमापात शिरला होता. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा जागी पंप कुठे बसवायचा हा प्रश्न प्लंबरचा राहत नाही.

इतकं टोकाचं नको असेल तर साधा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घ्या, तो आता बहुतेक संस्थांत असतो. बदलतं चुंबकीय क्षेत्र एक मिलिगॉसच्या आसपास गेलं की चांगल्या यंत्राच्या प्रतिमेला लहरी येऊ लागतात. पृथ्वीचं क्षेत्र याच्या काहीशे पट आहे, पण ते स्थिर असतं म्हणून चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची. भिंतीबाहेरून मोठा प्रवाह नेणाऱ्या तीन केबल सुट्या-सुट्या, अंतर ठेवून गेल्या असतील तर त्यांचं क्षेत्र आत पोचतं. त्याच तीन केबल त्रिकोणात बांधून नेल्या तर बरंचसं आपसात रद्द होतं. पण फेज असमतोल असतील आणि न्यूट्रलचा प्रवाह भलत्याच वाटेनं, पाण्याच्या पाइपमधून वगैरे, परत येत असेल तर बांधूनही उपयोग नाही. म्हणून नकाशावर मायक्रोस्कोपच्या खोलीभोवती आधीच वर्तुळ काढून ठेवायचं, की इथून मुख्य केबल जाणार नाही. कोट्यवधींचं यंत्र आल्यावर त्याला शिल्डिंग करत बसणं फार महागात पडतं.

आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहेच. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यातल्या चौदा मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आणि बाकीच्या सोळा तीन भुजांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल फायबरनं मध्यवर्ती केंद्राकडे येतो. तिथलं आवार म्हणजे कुंपणाच्या आतलं एक मैदान नव्हे, मध्ये लोकांची शेतं आहेत, गावं आहेत. अशा ठिकाणी चर कुठून जातो याची नोंद शेतकऱ्यालाही कळेल अशी हवी, कारण नांगर आणि जेसीबी त्याचे आहेत.

आता विजेच्या दुहेरी पुरवठ्याबद्दल. टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्येक इमारतीला दोन स्वतंत्र फीडर. ड्रॉइंगवर दोन रेषा दिसतात, एक लाल आणि एक निळी. जमिनीत उतरल्यावर दोन्ही केबल एकाच चरात असतात, कारण दोन चर खणण्याचे पैसे कोण देणार? मी पाहिलेल्या एका संस्थेत, नाव सांगत नाही, झाडासाठी खड्डा घेताना जेसीबीनं एकाच फटक्यात दोन्ही तोडल्या. जनरेटर होता, पण तो सब-स्टेशनपाशी, तुटलेल्या जागेच्या अलीकडे. त्या इमारतीत उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर होते, त्यांत पंधरा-वीस वर्षांचे नमुने. रात्रभर कोरडा बर्फ गोळा करत फिरणारे विद्यार्थी मी पाहिलेत. अशा नमुन्यांचा विमा उतरवला तरी ते परत मिळत नाहीत. तेव्हा दुसरी केबल इमारतीच्या दुसऱ्या बाजूनं, दुसऱ्या चरातून आली पाहिजे, आणि फायबरचंही तसंच. ते जमत नसेल तर टेंडरमध्ये ‘दुहेरी पुरवठा’ लिहू नये, उगाच निर्धास्त होतात लोक.

पुढच्या वाढीचा विचार करताना ‘मोठा पाइप टाकून ठेवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो सगळीकडे खरा नाही. सांडपाण्याचा पाइप फार मोठा टाकला तर सुरुवातीच्या वर्षांत माणसं कमी, प्रवाह पातळ, वेग मिळत नाही आणि लाईन तुंबते. पिण्याच्या पाण्याचा मोठा टाकला तर पाणी आतच शिळं होतं, क्लोरीन उडून जातो. थंड पाण्याचं गणित निराळं. हजार टन वातानुकूलन आणि साडेपाच अंशांचा फरक धरला तर सेकंदाला सुमारे दीडशे लिटर पाणी फिरवावं लागतं, म्हणजे साधारण तीनशे मिलिमीटरचा पाइप. तोच फरक आठ अंश ठेवता आला तर पाणी शंभरेक लिटरवर येतं. तिथे पाइप मोठा करण्याआधी इमारतीतली यंत्रणा सुधारून घ्यावी. भविष्यासाठी नि:शंकपणे टाकून ठेवायची एकच गोष्ट आहे, रिकामे डक्ट. आत ओढायची दोरी घालून, दोन्ही टोकं बुजवून. बुजवायला विसरलात तर पहिल्या पावसात तेच डक्ट पाणी थेट सब-स्टेशनात आणून सोडतात, आणि उंदीर त्याआधीच पोचलेले असतात.

हेलियमची नळी हे याच जातीचं प्रकरण. द्रव हेलियमचा खोलीच्या तापमानाला वायू झाला की तो सातशेहून अधिक पट फुगतो. आपण हेलियम आयात करतो, त्यामुळे वापरलेला वायू परत लिक्विफायरकडे आणण्यात भरपूर पैसा वाचतो. नळी बारीकशीच असते, पण दहा वर्षांनी टाकायची म्हटलं तर सहा रस्ते फोडावे लागतात. भौतिकशास्त्र विभागाला पहिल्या वर्षीच विचारायचं, कमी तापमानाचे प्रयोग करणार आहात का?

मग सगळ्यासाठी माणूस चालेल असा बोगदाच का नाही करायचा? कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या गटारांत एकोणिसाव्या शतकातच पाण्याचे पाइप टांगलेले होते, लंडनमध्ये गॅरिक स्ट्रीटखाली १८६१ च्या सुमारास असा बोगदा झाला. आपल्याकडे गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत वीज, पाणी, थंड पाणी असं सगळं बोगद्यातून नेलेलं आहे. दुरुस्तीसाठी रस्ता खणावा लागत नाही हा मोठा फायदा. पण बोगद्याला हवा खेळती हवी, पंप हवेत, आगीची सूचना देणारी यंत्रणा हवी, ज्वलनशील वायू त्यात नकोत, आणि सांडपाण्याचा उतार त्याच्याशी जुळत नाही. माझं मत, थंड पाणी आणि मुख्य केबल जिथे एकत्र जातात त्या मधल्या कण्यापुरता बोगदा करा, फांद्या साध्या चरातून न्या. आणि त्याच्या देखभालीचं पद मंजूर होणार नसेल तर तोही करू नका. बंद पडलेला बोगदा उघड्या चरापेक्षा वाईट.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं. खणण्याआधी विचारलं जात नाही म्हणून देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं असा अंदाज तेव्हा दिला गेला. पण विचारल्यावर उत्तर देणाऱ्याकडे नकाशा असला पाहिजे ना. आपल्याकडे ‘ॲज-बिल्ट’ म्हणून जे मिळतं ते बहुधा मूळ ड्रॉइंगच असतं, शिक्का बदललेलं. उपाय कंत्राटात आहे. चर उघडा असताना टोटल स्टेशननं मोजणी, फोटो, लेव्हल, आणि ते इस्टेट ऑफिसात जमा झाल्याशिवाय बुजवायची परवानगी नाही आणि बिलही नाही. नंतर रडारनं शोधू म्हणाल तर ओल्या काळ्या मातीत जमीनभेदी रडारला फार खोलवरचं दिसत नाही. एचडीपीई पाइप तर लोकेटरलाही सापडत नाही, म्हणून टाकतानाच त्याच्यासोबत तांब्याची तार पुरायची. चार पैशांची तार आहे.

एक प्रश्न आधीच लिहून आलाय. संस्था साठ वर्षांची जुनी आहे, नकाशे नाहीत, काय करायचं? सगळं आवार खणून बघता येणार नाही. पण वर्षभरात कुठल्या ना कुठल्या कारणानं वीस-पंचवीस ठिकाणी खड्डे पडतच असतात. प्रत्येक खड्ड्यात जे दिसेल ते मोजा, आपलं असो वा नसो, आणि एकाच नकाशावर चढवा. चेंबरची झाकणं उघडून तळाच्या लेव्हल घ्या, सांडपाण्याचं जाळं तेवढ्यानंच बरंचसं उलगडतं. आणि निवृत्तीला आलेल्या जुन्या वायरमन आणि प्लंबरसोबत दोन दिवस आवारात पायी फिरा. ते बोट दाखवतील तिथे खुणेचे दगड रोवा. हे त्यांच्या निरोप समारंभाच्या आधी करा.

बाकीचे प्रश्न आता घेऊ.