तान्ह्याचा हक्क आणि नोकरी करणारी आई

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून केलेले भाषण)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी आजच्या भाषणासाठी आम्हांस हा विषय दिला, तेव्हा मंडळातील एकदोन वयोवृद्ध गृहस्थांनी आपली नापसंती आमच्या कानांवर घातली. मूल अंगावर पाजणे ही बायकांची आपसांतली गोष्ट. तिचा सभेत उच्चार कशाला, आणि तोही एका निवृत्त मास्तराने कशाला करावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, ही गोष्ट घरात घडत होती तोवर ती घरची होती. परंतु ज्या दिवशी मुलाच्या आईचे रोजचे नऊ तास नोकरीत जाऊ लागले आणि तिने केव्हा उठावे हे दुसरा कोणी ठरवू लागला, त्या दिवसापासून ती सर्वांची झाली. कायद्याने तिचा उच्चार निःसंकोचपणे केला आहे. मग आपणच का लाजावे?

पूर्वी बायका घरी असत व मुलांना पाजत, आता त्या कामाला जातात म्हणून हा प्रश्न उपस्थित झाला, असे जे म्हणतात, त्यांनी आपल्याच घरातील जुन्या बायका नीट पाहिलेल्या नाहीत. आपला पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. आमची आजी दिवेलागणीपर्यंत काजे-बटणे व हातशिलाई करीत असे. पण पाळणा यंत्राच्या शेजारीच टांगलेला असे, त्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्यात असे, आणि मूल रडले की काम बाजूस ठेवून त्यास पदराखाली घेण्यास कोणाची परवानगी काढावी लागत नसे. काम होते आणि मूलही होते. दोहोंमध्ये अंतर काय ते दोन हातांचे. आज आपल्या मुली-सुना बँकांत, शाळांत, रुग्णालयांत, संगणकाच्या कंपन्यांत आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत आहेत, व ते अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे झाले आहे. आजीला जे न मागता मिळत होते, त्याचा अल्पसा अंश नात आज मागत आहे.

या मागणीचा इतिहास आपल्या मुंबईशी निगडित आहे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. ते पुढे नामंजूर झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात तशाच विधेयकाची चर्चा चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर आईस विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादिले. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. त्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नाव बदलले म्हणून हक्क गेला, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

पुष्कळांस रजा ठाऊक असते. रजेनंतरचे काही ठाऊक नसते. संहितेत असे स्पष्ट आहे की, प्रसूतीनंतर कामावर परतलेल्या स्त्रीस, नेहमीच्या विश्रांतीखेरीज, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्यास पाजण्यासाठी रोज दोन विराम मिळाले पाहिजेत, आणि त्यांबद्दल तिचे वेतन कापता येत नाही. हा नियम कारखान्यांना आहे, तसाच दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांना व आस्थापनांनाही आहे. जेथे पन्नास किंवा अधिक कर्मचारी आहेत, तेथे पाळणाघर हवे आणि विश्रांतीचा वेळ धरून दिवसातून चार वेळा आईस तेथे जाण्याची मुभा हवी. विराम किती मिनिटांचा, हे नियमांनी ठरावयाचे. जुन्या कायद्याखाली खाणी आणि सर्कशी यांच्यासाठी १९६३ साली केलेल्या नियमांत तो पंधरा मिनिटांचा होता व पाळणाघरापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ निराळा धरलेला होता. सर्कशीतल्या आईचाही विचार ज्यांनी साठ वर्षांपूर्वी केला, त्यांचे आम्हांस कौतुक वाटते. मात्र पंधरा मिनिटांत तान्हे मूल पोटभर पिते, ही कल्पना ज्याने मूल कधी मांडीवर घेतले नाही अशाच कोणाची असावी!

थोडे गणित करू. ती आमची जुनी खोड आहे. मुलास पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रजा सव्वीस आठवड्यांची, म्हणजे बरोबर सहा महिन्यांची. हिशेब जुळला असे वाटते. पण यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या मुलीस प्रकृतीमुळे ते सर्व घ्यावे लागले, तिच्या हाती प्रसूतीनंतर अठराच आठवडे उरतात. ती कामावर जाते तेव्हा मूल चार महिन्यांचे असते आणि दुधावाचून त्यास दुसरा आहार नसतो. ज्या स्त्रीस आधीची दोन अपत्ये आहेत, तिला तर एकंदर रजाच बारा आठवड्यांची. या मातांच्या बाबतीत ते दोन विराम म्हणजे मुलाचे जेवण होय.

आपल्याच समाजातील एका घरची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यातील एका खासगी कंपनीत काम करणारी सून साडेचार महिन्यांचे मूल घरी ठेवून कामावर परतली. तिने विराम मागितला, तर वरिष्ठ म्हणाले, चहाच्या सुटीत काय ते उरका. पान्हा काही चहाच्या वेळेची वाट पाहत नाही. ती प्रसाधनगृहात उभी राहून दूध पिळून टाकीत असे. दूध मुलासाठी, आणि ते जाई मोरीत! दहा-बारा दिवसांत स्तनांत दूध तुंबून गाठी झाल्या, थंडी वाजून ताप भरला. घरात विचार सुरू झाला की नोकरी सोडावी. पण घराच्या कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारावर उभा होता.

येथे तिच्या सासूबाईंनी जे केले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या, "नोकरी का सोडायची? कायदा आहे म्हणतात, तर लिहून माग. मूल मी घेऊन येते." मुलीने अर्ज लिहिला. मुलाची जन्मतारीख, ते पंधरा महिन्यांचे केव्हा होणार ती तारीख, आणि सकाळी अकरा व दुपारी साडेतीन या दोन वेळा, एवढाच मजकूर. सोबत १९६१ च्या कायद्यातील कलम, कारण तेव्हा तोच लागू होता. अर्जाची पोच घेतली. तोंडी विनंतीचे उत्तर हसून देता येते, तारीख घातलेल्या अर्जाचे तसे देता येत नाही, हे आम्ही शाळाखात्यातल्या अनुभवावरून सांगतो. चार दिवसांनी परवानगी आली आणि पाहुण्यांच्या बैठकीमागची एक लहान खोली मोकळी करून मिळाली. सासूबाई दुपारी रिक्षाने मूल घेऊन जात. सकाळच्या विरामात ती दूध काढून ठेवी.

काढून ठेवलेल्या दुधाविषयी आपल्या घरांत फार शंका असतात. ते शिळे, ते बाधते, असे म्हटले जाते. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आणि तेथे इतर मातांनी दिलेले दूध अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पाजले जाते, एवढे सांगितले तरी पुरे. हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढावे. पंचवीस अंश तापमानात ते सुमारे चार तास चांगले राहते. आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये, लगेच शीतकपाटात ठेवावे. पाजताना ते उकळू नये, गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे व वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. दूध जितके काढले जाते तितके नवे येते. काढणे थांबले की ते आटते. तेव्हा ज्या घरी सून कामावरून आल्याबरोबर तिच्या हाती मुलाआधी पोळपाट-लाटणे दिले जाते, त्या घराने कंपनीस दोष देण्यापूर्वी थोडे थांबावे.

आता मालक असलेल्या आपल्या बांधवांकडे वळतो. तयार कपड्यांचे कारखाने चालविणारे कित्येक सभासद समोर बसले आहेत आणि त्यांच्याकडे यंत्रावर बसणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. काही जण म्हणतात, एकीला उठू दिले तर साखळी तुटते, पुढच्या बाईजवळ कापड पोहोचत नाही. हे खरे आहे. धंदा आम्हांस परका नाही. पण सुई मोडली, वीज गेली, तर साखळी थांबतेच आणि तिची सोय आपण लावतोच. सहा महिने शिकवून तयार केलेली कारागीर गेली, तर तिच्या जागी नवी बसविण्यात जे नुकसान होते, ते रोजच्या दोन विरामांपेक्षा पुष्कळ अधिक असते. पन्नासांच्या आत नोकर ठेवून पाळणाघर चुकविणाऱ्यांसही विराम चुकवता येत नाहीत, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीची कथा सांगताना आपले डोळे भरून येतात. तिच्या नावाने एस्.टी.च्या स्थानकांवर व कचेऱ्यांत हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनास आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन आल्या, तेव्हा कोठे विधिमंडळात तसा कक्ष उघडला. आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षातील धुळीबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. प्रत्यक्ष आमदारास मागावे लागते, तर यंत्रावरच्या बाईने संकोच का करावा?

शेवटी एक सूचना. आपल्या ज्ञातीच्या या कार्यालयात वरपक्षाची खोली आहे, वधूपक्षाची आहे, भांड्यांची आहे. मूल पाजावयास मात्र आपल्या लेकी जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसतात. जिन्यालगतची सामानाची खोली रिकामी करून तेथे पडदा, दोन खुर्च्या, पंखा व हात धुण्याचे पात्र करावे, असा ठराव आम्ही महिला शाखेच्या वतीने मांडीत आहो. अर्जाचा नमुना मराठीत तयार करून चिटणीसबाईंकडे दिलेला आहे. ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी तो आजच न्यावा.