सीपॅपचा पहिला आठवडा

स्लीप ॲप्नियाचं निदान झालं की डॉक्टर बऱ्याच रुग्णांना सीपॅप यंत्र लिहून देतात. घरचे लोक हजारो रुपये उभे करून ते आणतात. चार-आठ रात्री धडपड होते, आणि महिन्याभरात यंत्र पिशवीत भरून माळ्यावर जातं. मग घरात दोनपैकी एक निकाल लागतो. यंत्रात काही अर्थ नाही असं तरी म्हणतात, किंवा यांच्यात चिकाटीच नाही असं तरी. हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत, असं मला आज मांडायचं आहे. सुरुवातीचा त्रास खरा असतो, पण बहुतेक वेळा त्याचं कारण शोधता येतं आणि त्यावर इलाज करता येतो. तो इलाज मात्र पहिल्या आठवड्यातच व्हावा लागतो, कारण यंत्र पुढे वापरलं जाणार की नाही, हे बरंचसं त्याच आठवड्यात ठरतं.

आधी आजाराबद्दल थोडं. झोप लागली की घशाच्या मागच्या भागातले स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ असा श्वास थांबला, तर तो एक ॲप्निया धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू निमिषभर जागा होतो, मोठ्या आवाजात श्वास सुटतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ असले तर आजार सौम्य, १५ ते ३० असले तर मध्यम आणि त्याच्या वर गेले तर तीव्र मानतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत असल्याचं आढळलं. त्याच्या जोडीला दिवसा पेंग येण्याचा त्रास असलेले सुमारे ७.५ टक्के होते. घोरणाऱ्याकडे पाहून ‘किती गाढ झोपलाय’ म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हे आकडे लक्षात घ्यायला हवेत.

यावर सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय काढला, तो १९८१ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत सोडायची, म्हणजे तो दाब घशाची वाट उघडी ठेवतो. हाच सीपॅप. पाच रुग्णांवर हे करून पाहिलं, आणि पाचही जणांची अडणारी वाट मोकळी राहिली. पण त्या काळी प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क घडवावा लागे आणि तो चेहऱ्यावर चिकटवावा लागे. म्हणजे हवेने काम होतं, हे लगेच सिद्ध झालं. अवघड राहिला तो मास्क. आज इतक्या वर्षांनंतरही नवख्या माणसाची निम्मी भांडणं मास्कशीच असतात.

आता मूळ मुद्द्याच्या पुराव्याकडे येऊ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली ३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र किती वापरता, हे त्यांनी रुग्णांना विचारलं आणि उत्तरं यंत्रातल्या नोंदींशी ताडून पाहिली. सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी निघाला. निदान ७० टक्के दिवशी निदान ४ तास, एवढी माफक अट लावली तरी ३५ पैकी १६ जणच तिच्यात बसले. त्याच विद्यापीठातून १९९७ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात रात्रीमागून रात्र वापर मोजला, तेव्हा जवळपास निम्मे लोक नेमाने यंत्र लावणारे आणि बाकीचे अधूनमधून सोडणारे निघाले. या दोन गटांच्या वाटा पहिल्या आठवड्यातच, चौथ्या दिवसाच्या आसपास, वेगळ्या होऊ लागल्या होत्या. यावर कोणी म्हणेल, मग हा स्वभावाचाच भाग झाला, चिकाटीची माणसं टिकली आणि बाकीची गळाली. याचं उत्तर १९९९ साली एडिंबरामधून आलेल्या अभ्यासात आहे. तिथे रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणतीही निवड न करता पाडले. एका गटाला नेहमीची माहिती आणि नेहमीची मदत मिळाली. दुसऱ्या गटाला घरी जाऊन, जोडीदाराला बरोबर बसवून, सगळं समजावून सांगितलं. झोपेच्या प्रयोगशाळेत एकाऐवजी तीन रात्री सराव करून घेतला आणि नंतर परिचारिका घरी जाऊन अडचणी पाहत राहिल्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा सरासरी वापर रात्री चार तासांच्या किंचित आत होता, तर दुसऱ्याचा जवळपास साडेपाच तास. दोन्ही गटांत माणसं सारख्याच स्वभावाची होती. फरक पडला तो सुरुवातीच्या मदतीमुळे.

ही मदत नेमकी कशात लागते, ते जरा तपशिलात पाहू. पहिली तक्रार मास्कमधून हवा निसटण्याची असते. हवा डोळ्यांवर येते, फुरफुर आवाज होतो, आणि माणूस पट्टे आवळत जातो. त्याने उलट बिघडतं. मास्कची मऊ कड हवेने किंचित फुगून चेहऱ्यावर बसावी अशी बनवलेली असते. पट्टे आवळले की ती चेपते, हवा आणखी निसटते आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो. मास्क दुकानात खुर्चीवर बसून घालून पाहणं पुरेसं नाही. आडवं पडल्यावर गालांचा आकार बदलतो, म्हणून आडवं पडून, यंत्र चालू ठेवून, दोन्ही कुशींवर वळून तो बसवावा. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांनी ती काढूनच मास्क बसवून पाहावा, नाहीतर संध्याकाळी नीट बसलेला मास्क रात्री गळू लागतो. भरघोस मिशा असतील तर नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशांचा प्रकार मागून पाहावा. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासाची हवा तिथून बाहेर जाते. गळती समजून त्यांवर चिकटपट्टी लावणं धोक्याचं आहे.

दुसरी मोठी तक्रार नाकाची. सकाळी नाक कोरडं पडलेलं किंवा चोंदलेलं, घसा सुकलेला. यामागे बहुधा झोपेत तोंड उघडं राहणं असतं. हवा नाकातून आत येते आणि तोंडातून निघून जाते. उच्छ्वासाबरोबर नाकाला जी ओल परत मिळायची ती मिळत नाही. आतलं अस्तर सुकतं आणि सुजतं, नाक चोंदतं आणि चोंदलं म्हणून तोंड आणखी उघडतं. कोमट वाफेची भर घालणारा ह्युमिडिफायर हे चक्र तोडतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि ते रोज बदलावं. त्याचं प्रमाण आपल्या हवेप्रमाणे बदलता येतं. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात ते वाढवावं लागेल, तर कोकणातल्या पावसाळ्यात कमी पुरेल. खोलीत एसी असेल तर गार नळीत पाण्याचे थेंब साचून गुरगुर होते. अशा वेळी नळीवर कापडी खोळ घालावी किंवा वाफेचा आकडा खाली आणावा. नाक मुळातच चोंदलेलं असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून त्यावर उपचार करून घ्यावेत. नाक बंद म्हणून थेट तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेण्याची घाई करू नये, कारण त्याला बऱ्याचदा जास्त दाब लागतो आणि गळतीही जास्त होते. काहींच्या पोटात हवा जाऊन पोट फुगतं. त्यांनी तसं डॉक्टरांना सांगावं. दाब बदलून किंवा झोपण्याची कूस बदलून बराच फरक पडतो.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. कोविडच्या काळात अनेक घरांनी आपलं माणूस अतिदक्षता विभागात मास्क आणि नळीसह पाहिलेलं आहे. तसाच मास्क घरातल्या पलंगावर आला की रुग्णाच्या आणि घरच्यांच्याही मनात धस्स होतं. म्हणून स्पष्ट सांगायला हवं, की सीपॅप तुमच्या वतीने श्वास घेत नाही. तो तुम्हीच घेता. ही हवाही खोलीतलीच असते, वेगळा ऑक्सिजन त्यात नसतो. यंत्राचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. १० सेंटिमीटरचा दाब म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. वीज गेली तर गुदमरू, ही भारनियमनाच्या गावांतली शंकाही रास्त आहे. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं असतं, आणि मोठ्या मास्कला यंत्र थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. झोप मोडेल, मास्क काढावा लागेल, पण श्वास कोंडणार नाही. ज्यांना तरीही घुसमट वाटते, त्यांनी रात्रीची वाट पाहू नये. दुपारी जागेपणी, रेडिओ ऐकताना, आधी नुसता मास्क हाताने नाकाशी धरावा, मग पट्टे लावावेत, मग यंत्र सुरू करावं. दाब हळूहळू चढवणारी रॅम्प नावाची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती सुरू करून घ्यावी.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. काही वाचक-श्रोते म्हणतील, की मोठ्या चाचणीत सीपॅपचा हृदयाला फायदा दिसलाच नाही. ते खरं आहे. सेव्ह नावाच्या चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले सत्तावीसशेहून अधिक रुग्ण होते, भारतातलेही होते. २०१६ साली तिचा निकाल आला. सीपॅप मिळालेल्या गटात हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. पण त्याच चाचणीत सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, म्हणजे झोपेचा अर्ध्याहून अधिक काळ घसा पूर्वीसारखाच मिटत होता. २०२३ साली तीन चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सरासरी ४ तास किंवा अधिक वापर करणाऱ्यांत असे प्रसंग कमी आढळले. तरी हा पक्का पुरावा मानता येत नाही, कारण यंत्र नेमाने लावणारा माणूस गोळ्याही नेमाने घेत असण्याची शक्यता असते. म्हणून हृदय वाचेल असं वचन देऊन कोणाच्या गळ्यात यंत्र मारू नये. पण सेव्ह चाचणीतही दिवसाची पेंग कमी झाली, घोरणं कमी झालं, मनःस्थिती आणि रोजचं जगणं सुधारलं. रात्रपाळीचा चालक किंवा यंत्रावर काम करणारा कामगार यांच्यासाठी पेंग न येणं हाच जिवाचा प्रश्न आहे.

इथे चार तासांच्या हिशेबाबद्दलही सांगायला हवं. तो आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमांमुळे रूढ झाला. चार तास झाले की काम झालं, असं शरीर मानत नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे, जास्त असते, आणि त्याच झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात. बऱ्याच रुग्णांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त वेळ अडतो. दोन वाजता मास्क काढून ठेवणारा माणूस नेमक्या वाईट तासांना उघडा पडतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन तासच जमले तर खचू नये, पण रात्री जाग आली की मास्क पुन्हा लावायचा, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी.

वजन उतरवून हे टळणार नाही का, असंही विचारतात. वजनाचा संबंध पक्का आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या दीर्घ पाहणीत वजन १० टक्के उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी उतरतं, असा अंदाज निघाला. वजन जरूर उतरवावं. पण तासाला ४० वेळा श्वास अडणाऱ्याचा आकडा त्याने ३० च्या आसपास येतो, म्हणजे आजार तीव्रच्या उंबरठ्यावरच राहतो. शिवाय वजन उतरायला महिने लागतात आणि श्वास आज रात्री अडणार असतो. दोन्ही बरोबर चालू ठेवायला कसलीच हरकत नाही. वजन चांगलं उतरल्यावर पुन्हा तपासणी करून यंत्राची गरज उरली आहे का, ते डॉक्टर पाहू शकतात. यंत्राची सवय लागून फुफ्फुसं दुबळी होतात, ही समजूत मात्र निराधार आहे. यंत्र बंद केलं की आजार परत दिसतो, कारण तो मुळात बरा झालेला नसतो. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधुक दिसतं, तसंच हे.

यंत्र विकणाऱ्यांना आणि लिहून देणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या सात दिवसांत निदान दोनदा स्वतःहून फोन करा. आणि नको असलेला मास्क बदलून देण्याची सोय ठेवा. घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वीच ही दोन आश्वासनं मागून घ्यावीत. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात टोमणे मारू नयेत. मास्क कुठे निसटतो, तोंड उघडं राहतं का, हे पाहून टिपून ठेवावं आणि ते टिपण यंत्रातल्या नोंदींसह डॉक्टरांना दाखवावं. ज्यांच्या घरी यंत्र माळ्यावर पडलं आहे, त्यांनी ते खाली काढावं. २०२१ साली फिलिप्स कंपनीने आतल्या फोमच्या दोषामुळे आपली बरीच यंत्रं परत मागवली होती. आपलं यंत्र त्यांपैकी आहे का, हे त्यावरच्या क्रमांकावरून आधी विचारून घ्यावं. नसेल तर नवा फिल्टर, नवी नळी आणि वेगळ्या प्रकारचा मास्क घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरुवात करावी, आणि या वेळी अडचण आली तर दुसऱ्याच दिवशी फोन करावा.