शाळेला काय द्यायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची, यावर आपल्या ग्रुपवर बरेच दिवस चर्चा चालू आहे. डिजिटल फळा, संगणक, प्रवेशद्वाराची कमान, सगळं सुचवून झालं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे संगणकाच्या बाजूने बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे वादळाबद्दल.

आपण भूगोलात शिकलो की चक्रीवादळं बंगालच्या उपसागरात जास्त, अरबी समुद्रात कमी. ते आजही खरं आहे, पण फरक कमी होतोय. वादळाला ताकद मिळते ती साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम पाण्यातून, आणि आपला समुद्र तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. जपान-फिलिपाइन्सकडे ज्याला टायफून म्हणतात, तेच हे.

आपल्या आठवणीतली नावं घ्या. २००९चं फयान, २०१७चं ओखी, २०२०चं निसर्ग, २०२१चं तौक्ते. यातलं एकही थेट पालघरच्या किनाऱ्यावर चढलं नाही. त्यामुळे आपल्याकडे एक वाक्य रुळलंय, "उगाच घाबरवतात, आपल्याकडे काही होत नाही." मला भीती वादळापेक्षा या वाक्याची वाटते.

निसर्गच्या वेळचा पहिला अंदाज होता हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्याचा. पालघर त्यात मधोमध. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतली माणसं हलवली. ३ जूनला वादळ रायगडात शिरलं, श्रीवर्धन-दिवेआगरची वाडीच्या वाडी आडवी झाली. इथे लोक म्हणाले, अंदाज चुकला. अंदाज चुकला नव्हता. दोन दिवस आधी पट्टाच सांगता येतो, गाव नाही. त्या पट्ट्यातल्या प्रत्येकाने तयारी करायची असते. वादळ शेजाऱ्याकडे गेलं म्हणून आपली तयारी फुकट गेली असं होत नाही.

तौक्तेचं केंद्र तर आपल्यापासून लांब, समुद्रातून गुजरातकडे गेलं. तरी १७ मेला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. डहाणूकडच्या चिकूच्या बागा झोडपल्या, पत्रे उडाले, वीज गेली. गॅल कन्स्ट्रक्टर नावाचा भरकटलेला बार्ज वडराईजवळ येऊन रुतला, त्यावरच्या १३७ जणांना वाचवण्यात आलं. लांबून गेलं तर एवढं. जवळून गेलं तर?

आता इशारा मोबाईलवर येतो. माझ्या क्षेत्राने तेवढं काम केलं आहे. पण त्यात लिहिलेलं असतं, "सुरक्षित ठिकाणी जा." दांडी-नवापूरच्या खलाशाला निदान वारा कळतो, बंदरावरचा बावटा कळतो. बोईसरला पत्र्याच्या चाळीत राहणारा, एमआयडीसीत पाळी करणारा परप्रांतीय कामगार बायकामुलांना घेऊन कुठे जाणार? शेवटी शाळेतच. आणि शाळेत गेल्यावर पिण्याचं पाणी, बायकांसाठी नीट संडास, रात्री दिवा हे असेल का?

ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवलं आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. तिथे किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले आहेत, आणि त्यातले कितीतरी एरवी शाळा म्हणून वापरतात.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या बॅचमध्ये सिव्हिलवाले आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने आधी इमारत आणि छप्पर तपासावं. मग दुरुस्ती, मोठी पाण्याची टाकी, मुलींसाठी आणखी संडास, सौर दिवे आणि एक उतार, म्हणजे व्हीलचेअरसुद्धा आत येईल. तहसील कार्यालयाच्या निवाऱ्यांच्या यादीत शाळेचं नाव आहे का, तेही विचारून घेऊ. नसेल तर घालायला सांगू.

वादळ कधी आलंच नाही तर? तर मुलांना रोज स्वच्छ पाणी मिळेल, मुली मधल्या सुट्टीत घरी पळणार नाहीत. यात पैसे वाया जायची वाटच नाही. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येईल, टाकीवर कदाचित येणार नाही. मला ते चालेल. तुम्हाला चालतंय का, ते जेवणाआधी ठरवूया.