हिची मजुरी

(नाशिक जिल्हा बैठकीत एका जुन्या पाईकाच्या स्मरणार्थ केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय श्रद्धांजलीचा आहे. दोन मिनिटे उभे राहून तो संपवता आला असता. पण अण्णांना असे उरकणे आवडले नसते. कोणतीही गोष्ट ते हिशेबाशिवाय संपवत नसत. म्हणून आज आपण त्यांचाच हिशेब मांडू.

अण्णांचे नाव कधी वर्तमानपत्रात आले नाही. निफाड तालुक्यातले पाच एकरांचे शेतकरी, कांदा आणि खाण्यापुरता गहू पिकवणारे. संघटनेत कधी पद घेतले नाही. छातीवरचा लाल बिल्ला मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात ते गेले. मागे आक्का, दोन मुलगे, एक मुलगी आणि पाच नातवंडे आहेत.

शेतकीची पदवी घेऊन आम्ही संघटनेच्या कामाला नवे नवे लागलो होतो. २००६ साली कांद्याचा उत्पादन खर्च काढायला अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आमच्याजवळ छापील तक्ता होता: बियाणे, खते, औषधे, वीज, मजुरी. अण्णांनी घरातून एक जाड वही आणली. प्रत्येक हंगामाच्या पानावर खर्चाच्या शेवटी एक ओळ होती, 'हिची मजुरी'. लावणीचे इतके रोज, खुरपणीचे इतके, काढणी आणि काटणीचे इतके. बाहेरच्या बाईला जो दर दिला, तोच दर.

आम्ही आमचे शिक्षण दाखवले. म्हणालो, "अण्णा, घरच्या मजुरीचा रकाना आमच्या तक्त्यात आहे. सगळ्या घराची एकत्र धरतो."

ते म्हणाले, "तुमचा रकाना सरकारला दाखवायला. ही ओळ मला बघायला."

ही ओळ आली कुठून, हे त्यांनी पुढे कधीतरी सांगितले. १९८० च्या नोव्हेंबरात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले. रस्ते अडले, रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबार झाला, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. अण्णाही गेले. घरी आक्का, तान्हे मूल आणि शेतात काढणीला आलेला कांदा. अण्णा सुटून आले तेव्हा गावाने हार घातले, गुलाल उधळला. हार गळ्यात घेऊनच ते मळ्यात गेले. कांदा काढून, काटून, ढीग लावून झाला होता. बांधावर झोळीत मूल होते आणि आक्का वाफ्यात पाणी भरत होत्या. "तुरुंगात मी दोन वेळ बसून खात होतो," अण्णा म्हणाले, "आणि हार मला!" त्या रात्री त्यांनी वहीत पहिल्यांदा ती ओळ लिहिली.

भावांनो, 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण सगळ्यांनी दिली आहे. घाम कोणाचा, हे अण्णांनी घरात बसून विचारले. दिल्लीने आपल्या घामाचा हिशेब धरला नाही म्हणून आपण रस्त्यावर आलो. आपल्या घरात ज्यांचा घाम धरला गेला नाही, त्या कोणत्या रस्त्यावर जाणार होत्या?

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. आक्का गेल्या. अण्णा घरी राहिले आणि तीन पोरे सांभाळली. पिठले करपले, पण मोडकी वेणी घालून लेकीला शाळेत पाठवले, हे ते अभिमानाने सांगत. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. घरच्या लक्ष्मीचे देणे फेडायचे, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करायचा. अण्णांनी तलाठ्याकडे खेटे घालून पाचातली दोन एकर आक्कांच्या नावावर केली. पारावर चेष्टा झाली. कोणी म्हणाले, मोठे दान केलेस. अण्णांचे उत्तर होते, "दान कसले? वही काढून बघा. देणे आहे. व्याज तर अजून धरलेच नाही."

अण्णा देव नव्हते. तापट होते, हट्टी होते. थोरल्याला द्राक्षबाग लावायची होती. अण्णांनी चार वर्षे ऐकले नाही. शेवटी आक्कांनी आपल्या दोनातला एक एकर त्याला दिला, अण्णांना न विचारता. अण्णा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी दोरी घेऊन बाग आखायला हजर! तेव्हा आम्हाला कळले की सातबाऱ्यावरचे ते नाव नुसते शोभेचे नव्हते.

नजर गेल्यावर वही नातीकडे आली. अण्णा सांगत, ती लिही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, भाव कोसळले. त्या हंगामाचे पान लिहिताना नातीने विचारले, "आजोबा, आजी आता गुडघ्यांमुळे शेतात जात नाही. तिची ओळ यंदा लिहायची का?" अण्णा म्हणाले, "चाळीत बसून कांदा निवडते ना? लिही." अण्णांच्या वहीतले ते शेवटचे पान.

आता मुद्द्याचे. तेराव्याला पाहुणे जमले होते. जेवणे झाली आणि कोणीतरी विषय काढला: वारसनोंदीआधी लेकीची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाका, रीत आहे. १९५६ च्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला, मुलाला आणि मुलीला सारखा वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. पण रीत कायद्यापेक्षा लवकर जेवायला बसते. लेक मान खाली घालून बसली होती. माहेर तुटेल या भीतीने सही करायलाही तयार होती.

आक्का म्हणाल्या, "माझी दोन एकर माझी आहे. मला कोणाच्या ताटाखाली बसायचे नाही, म्हणून स्पष्ट बोलते. पोरीचे नाव लागेल." थोरला क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णांनी वहीत कोणाची मजुरी खोडली नाही. आपण कशाला खोडायची?" वारसनोंदीत चारही नावे लागली.

ज्या बाईच्या नावावर काही नाही, तिला हे बोलता आले असते का? नवऱ्याच्या माघारी एका अंगठ्यावर उघड्या पडलेल्या किती बहिणी या जिल्ह्यात आम्ही पाहिल्या आहेत! त्यांचे नवरे वाईट नव्हते. त्यांनी जीव लावला, फक्त कागद केला नाही. अण्णांनी दोन्ही केले.

बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याबाबत शासनाचे परिपत्रकही १९९२ सालचे आहे. मात्र अर्ज नवऱ्याने जिवंतपणी करायचा असतो. माघारी ते कोणी करू शकत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. फोटोला हार घालून घरी जाऊ नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणावा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आपण मोठ्याने वाचू. आम्हीही आमचा आणू. खरे सांगायचे तर, त्यावर आज आमचे एकट्याचेच नाव आहे. अण्णांनी हे दोनदा विचारले होते आणि आम्ही दोन्ही वेळा पुढच्या महिन्याचा वायदा केला होता. तो वायदा आता आम्ही या सभेपुढे करतो आहोत.

अण्णांना आपणा सर्वांचे अभिवादन.