बाळसे आणि आरोग्य : पहिल्या वर्षातील आहाराचा विचार

(सिल्व्हर पार्क, मीरा रोड येथील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांत तान्ह्या बाळाच्या आहारासारखा घरगुती विषय व्याख्यानासाठी निवडला, याबद्दल मी आयोजकांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. आजचे माझे निवेदन केवळ आईसाठी नाही. आपल्या या वसाहतीत अनेक घरांतून आई-वडील दोघेही सकाळची लोकल गाठतात आणि बाळ आजीच्या ओटीत असते. बाळाच्या तोंडी काय जावे, याचा निर्णय सारे घर मिळून घेते. म्हणून सर्व घरालाच उद्देशून मी बोलणार आहे.

‘बाळसे’ हा आपल्या भाषेतील मोठा गोड शब्द. बाळंतिणीला भेटायला आलेला पाहुणा प्रथम बाळाचे गाल पाहतो. गाल भरलेले दिसले नाहीत की सहज उद्गार निघतो, “बाळसे धरलेले दिसत नाही, आईला दूध पुरत नाही का?” बोलणारा बोलून जातो, परंतु थकलेल्या, नवख्या आईच्या मनात ते वाक्य घर करते. दोन दिवसांत दुधाच्या पावडरीचा डबा घरात येतो. बाळ जितके वरचे दूध पिते तितके ते अंगावर कमी ओढते, आणि जितके कमी ओढले जाते तितके आईचे दूध कमी होते. अशा रीतीने जी शंका निराधार होती, ती आठ-पंधरा दिवसांत खरी ठरते.

या शंकेला एके काळी शास्त्राचाही आधार मिळत होता. पूर्वी जगभर वापरला जाणारा वाढीचा तक्ता १९७७ साली अमेरिकेत तयार झाला. त्यातील तान्ह्या मुलांची मोजमापे प्रामुख्याने ओहायो राज्यातील, बहुतांशी बाटलीचे दूध घेणाऱ्या बाळांची होती. अंगावर पिणारे निरोगी बाळ दोन-तीन महिन्यांनंतर त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखे दिसे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांचा अभ्यास केला व २००६ साली स्तनपानावर वाढणाऱ्या बाळांना प्रमाण मानून नवा तक्ता प्रसिद्ध केला. दोष बाळात नव्हता, मापात होता, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग बाळाचे पोट भरते की नाही, हे कसे ओळखावे? जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. पाच-सहा महिन्यांत ते जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट होते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, जागेपणी तरतरीत असेल आणि त्याची वजनरेषा त्याच्या तक्त्यावर वर सरकत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. शेजारच्या घरातील बाळ हे आपल्या बाळाचे माप नव्हे. वजनरेषा मात्र सपाट झाली किंवा बाळ मलूल वाटले, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

गुटगुटीतपणा म्हणजे आरोग्य नव्हे, याचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच मिळाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बाळे किरकोळ दिसत. पण बारकाईने मोजता असे आढळले की त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढील आयुष्यातील मधुमेहाला पोषक ठरू शकते. अशा बाळाला घाईने ‘भरून’ काढण्याच्या नादात आपण त्याच्या स्नायूंपेक्षा मेदच वाढवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत राज्यातील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. कुपोषण आणि स्थूलता एकाच दारातून आत येत आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आईचे दूध पाजले की मूल पुढे स्थूल होणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती होय. अनेक पाहण्यांत स्तनपान घेतलेल्या मुलांत स्थूलता कमी आढळली आहे. परंतु बेलारूस देशात १७ हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या काटेकोर प्रयोगात पुढील वयात तसा फरक दिसला नाही. तथापि जुलाब आणि संसर्ग यांपासून आईचे दूध बाळाचे रक्षण करते, हे निर्विवाद आहे. दुसरीकडे, युरोपातील पाच देशांत झालेल्या अभ्यासात जास्त प्रथिनांची पावडर दिलेल्या बाळांमध्ये सहाव्या वर्षी स्थूलता कमी प्रथिनांच्या पावडरीपेक्षा दुपटीहून अधिक आढळली. म्हणजे डब्यात काय आहे आणि ते किती पाजले जाते, याला महत्त्व आहे.

अंगावर पिणारे बाळ पोट भरले की तोंड फिरवते. बाटलीत तळाशी दूध उरले की आपण ते ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवायला लावतो. आपल्या धर्मात ऊनोदरी हे बाह्य तपांपैकी एक सांगितले आहे. बाळाने तप करावे असे कोणी म्हणणार नाही. पण भूक शमताच थांबण्याची जी उपजत जाण त्याला लाभली आहे, ती आपण तरी मोडू नये. वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागले, तर त्यात आईचा कोणताही अपराध नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वच्छ वाटी-चमच्याने आणि बाळाची भूक पाहून द्यावे.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी नको, गुटी नको. जन्मतः बाळाला मध चाटवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. आपल्याकडे मध अभक्ष्यच मानला आहे. वैद्यकशास्त्रही एक वर्षापर्यंत तो निषिद्ध सांगते. डॉक्टरांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेवावेत. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. मुगाचे घट्ट वरण आणि मऊ भात, वर थोडे साजूक तूप, नाचणीचे सत्त्व, शिजवलेला लाल भोपळा, कुस्करलेले केळे, ताजे दही हे सारे आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पहिल्या वर्षी साखर आणि वरून मीठ घालू नये. पब्लिक आय या स्विस संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वाढपात सरासरी सुमारे ३ ग्रॅम साखर मिसळलेली आढळल्याचे म्हटले होते. डबा घ्यायचाच असेल, तर त्यावरील बारीक अक्षरे आधी वाचावीत.

आता आईच्या आहाराविषयी. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांचे बी-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मेद व इन्शुलिनला होणारा विरोध अधिक आढळला. शुद्ध शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. आईतच ते कमी असेल, तर दुधातून बाळालाही कमी मिळते आणि बाळाच्या मेंदूची वाढ धोक्यात येते. यासाठी आहार सोडण्याची गरज नाही. गरोदरपणीच रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकते. तेव्हा साधी गोळी मागून घ्यावी.

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, शिवाय पाणीही भरपूर लागते. पर्युषणात मोठे उपवास करण्याची तिची इच्छा असली, तरी त्या वर्षापुरता गुरुजनांचा व डॉक्टरांचा विचार घेऊनच निर्णय करावा. सासूबाईंनी स्वतःहून “यंदा नको, बाळ अंगावर आहे” असे म्हटले, तर सूनबाईंच्या मनावरील ओझे हलके होईल.

नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. ती जवळजवळ सहा महिन्यांचीच आहे. त्यानंतर काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये २४ तास ठेवता येते आणि आजी ते वाटी-चमच्याने पाजू शकते. तेवढ्यासाठी घरातील इतर कामांचा भार वडिलांनी उचलावा.

शेवटी संस्थेला एक नम्र विनंती. १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्तीने दुधाची पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांखालील बाळांचे आहार यांच्या जाहिरातींवर व मोफत नमुन्यांवर बंदी घातली. कायद्याने जाहिरात थांबवली. पण ‘सुदृढ बालक स्पर्धे’त आपण सर्वांत लठ्ठ बाळाला बक्षीस देत राहिलो, तर तीच जाहिरात आपण विनामूल्य करू. अशी स्पर्धा घेतली, तर वेळेवर लसीकरण, नियमित वजननोंद आणि सहा महिने निव्वळ स्तनपान यांसाठी आईचा आणि आजीचा सत्कार व्हावा. जे बाळ किरकोळ असूनही आपल्या रेषेवर नीट वाढते आहे, त्याच्या आईलाही व्यासपीठावर मानाने बोलवावे.